बुडाला शिंपलं धरण्याआधी : जहाजं पुसणारे रोबो आणि आपलं डिझेल



गेल्या महिन्याच्या बैठकीत एक विषय निघाला आणि चहा गार झाला तरी संपेना. आपल्या ग्रुपवर एका तरुण सभासदाने व्हिडिओ टाकला होता. मोठ्या जहाजाच्या लोखंडी बुडावर, पाण्याखाली, एक चाकांचं यंत्र पालीसारखं चिकटून चाललंय आणि मागे स्वच्छ पट्टा सोडत जातंय. खाली कोणी डायव्हर नाही, हातात ब्रश घेतलेला माणूस नाही. त्याने लिहिलं होतं, "असलं मशीन सोसायटीने घेतलं तर?"

बैठकीत कोणी हसलं, कोणी किंमत विचारली. एक ज्येष्ठ तांडेल मात्र म्हणाले, "मशीन मागाहून बघू. आधी आपल्या बोटींची बुडं बघा रे."

ते असं का म्हणाले हे जेट्टीवर बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरचं डिझेल डिसेंबरपासून वाढू लागलं. जिथे अंधार असताना पोचायचे तिथे पोचेपर्यंत उजाडायला लागलं. मेकॅनिक आला, फिल्टर बदलले, नोझल काढून तपासले, पंप दुरुस्तीला बाहेर पाठवला. हा खर्च भागवायला घरातलं सोनं बँकेत ठेवावं लागलं. तरी फरक नाही. जून आला, बंदी लागली, बोट वर काढली आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. निम्मं बूड पांढऱ्या टोकदार शिंपल्यांनी भरलेलं, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा थर. इंजिनात बिघाड काहीच नव्हता. सहा महिने ते बिचारं शिंपलं ओढत होतं.

त्या सभासदाला विचारूनच हे लिहितोय, नाव देत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, "माझं झालं ते दुसऱ्याचं होऊ नये." म्हणून कमिटीने या रोबोंची माहिती गोळा केली. जगात काय चाललंय, त्यातलं आपल्या कामाचं काय, आणि मशीन घ्यायचं की नाही, हे खाली क्रमाने मांडतो.

बुडाला धरतं ते नेमकं काय?

बोट रंगवून पाण्यात सोडली की पहिल्या काही तासांतच बुडावर सूक्ष्म जंतूंचा पातळ थर बसतो. डोळ्यांना दिसत नाही. काही दिवसांत त्यावर बारीक शेवाळ येतं आणि हाताला बुळबुळीत लागायला लागतं. इथपर्यंत फडक्याने पुसलं तरी निघतं.

खरी पंचाईत त्यानंतर. पांढरे टोकदार शंकूसारखे जे चिकटतात त्यांना बार्नॅकल म्हणतात. हा शिंपल्यासारखा दिसत असला तरी जात मात्र कोळंबी आणि कुर्ल्यांची. त्याची पिल्लं पाण्यात तरंगत वाढतात. सहा वेळा रूप बदलतात आणि सातव्या रूपात फक्त एकच काम करतात : घरासाठी जागा शोधणं. हे पिल्लू बुडावर उतरतं, पुढच्या दोन मिशांवर चालत चालत जागा चाचपून बघतं. पसंत नाही पडली तर सोडून जातं. पसंत पडली की डोकं खाली करून सिमेंटसारखा गोंद सोडतं आणि जन्मभरासाठी चिकटतं. मग भोवती चुन्याचं कवच बांधतं. एकदा ते कवच झालं की फडकं उपयोगाचं नाही, खरवडणीच लागते. आणि खरवडणी लागली की शिंपल्याबरोबर रंगही निघतो.

त्यांच्या मागोमाग नळीतले किडे, शिनाण्यांच्या जातीचे शिंपले, कालवं असा सगळा गोतावळा येतो. एकाच्या पाठीवर दुसरा बसतो.

हे जीव उभ्या बोटीवर जास्त धरतात. रोज धावणाऱ्या बोटीपेक्षा, मासळी नाही म्हणून किंवा खलाशी गावी गेले म्हणून आठवडाभर जेट्टीला बांधलेल्या बोटीचं बूड लवकर खराब होतं. आपल्याच दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या बार्नॅकलांवर कित्येक वर्षं संशोधन चाललंय, म्हणजे हा प्रश्न काही परदेशातला नाही.

डिझेल किती खातं?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९९ मध्ये लहान मासेमारी बोटींच्या मालकांसाठी इंधन बचतीची एक पुस्तिका काढली होती. त्यात दिलंय की बुडाला शिंपलं रोखणारा रंग नसेल तर एका महिन्यात इंधनाचा खर्च ७ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो आणि सहा महिन्यांत ४४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्या फेरीला १०० लिटर लागायचे तिला सहा महिन्यांनी १४४ लिटर. भाव तुम्हीच लावा आणि हंगामातल्या फेऱ्यांनी गुणा.

मोठ्या जहाजांचं गणितही तसंच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या प्रकल्पाने २०२१ मध्ये आकडे मांडले. अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर निम्म्या बुडावर असला तरी जहाजाचा धूर, म्हणजे पर्यायाने जळणारं इंधन, २५ ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? पाच-सहा कागद एकावर एक ठेवा, तेवढं. आणि मध्यम लांबीच्या कंटेनर जहाजावर बारीक बार्नॅकलांचा विरळ थर असला तर ५५ टक्क्यांपर्यंत.

अमेरिकी नौदलाच्या एका जातीच्या विनाशिकांचा हिशेब २०११ मध्ये तिथल्या संशोधकांनी मांडला. बुडावरच्या या वाढीपायी त्या जहाजांवर वर्षाला सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर जादा जातात असा त्यांचा अंदाज होता. एवढ्या मोठ्या नौदलाला हे सोसवत नाही, मग आपण तर उधारीवर डिझेल भरणारी माणसं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ट्रॉल ओढताना बहुतेक जोर जाळं खातं, तेव्हा बुडाचा फरक कमी जाणवतो. पण मासळीच्या जागेपर्यंत जाताना आणि परत येताना, तसंच पर्ससीन आणि मोटर लावलेल्या होड्यांना, बूडच सगळं ठरवतं. बूड खराब झालं की त्याच आरपीएमला वेग कमी मिळतो. मग तांडेल थ्रॉटल वाढवतो, इंजिनावर ताण येतो, धूर काळा होतो. आणि आपण मेकॅनिकला फोन करतो.

आधी तांबं, मग विष

माणूस या शिंपल्यांशी शेकडो वर्षं झगडतोय. आपल्या वाडवडिलांनी होडीला माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल, चुना, डांबर असं काय काय लावलं. ते होडी वारंवार किनाऱ्यावर ओढायचे, वाळवायचे. त्यामागे लाकूड टिकवण्याचा हेतू होताच, पण वाळलेल्या बुडावरचं शेवाळ मरायचं हाही फायदा होता.

इंग्रजांच्या नौदलाने १७६१ मध्ये अलार्म नावाच्या लढाऊ जहाजाच्या लाकडी बुडावर तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. बूड स्वच्छ राहिलं, पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात सडून गेले. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाने तांबं झिजू नये म्हणून त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडायची युक्ती काढली. तांबं झिजायचं थांबलं खरं, पण त्यावर शिंपलं धरायला लागलं! म्हणजे तांबं थोडं थोडं विरघळतं म्हणूनच शिंपलं धरत नाही. आज आपण जो कॉपरचा रंग लावतो तोही याच तत्त्वावर चालतो. तो झिजायलाच हवा, फक्त हळूहळू आणि सगळीकडे सारखा.

मग विसाव्या शतकात टीबीटी नावाचं कथलाचं रसायन रंगात आलं. शिंपलं धरायचं नाव नाही. जहाजवाले खूश. पण फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कालवं पिकवली जातात, तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिल्लं धरेनात आणि कवचं वेडीवाकडी जाड होऊ लागली. कालवांवर जगणारी कुटुंबं हवालदिल झाली. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींना हा रंग बंद केला. इतर ठिकाणी समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. शेवटी २००१ मध्ये जागतिक करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो लागू झाला. सायब्युट्रिन नावाच्या आणखी एका रसायनावर १ जानेवारी २०२३ पासून बंदी आली.

विष जोरदार केलं की शिंपलं मरतं, पण त्याच पाण्यातली आपली मासळी आणि कालवंही मरतात. म्हणून गेली काही वर्षं जगाने दुसरी वाट धरली : रंग बेताचा, आणि बूड वारंवार हलक्या हाताने पुसायचं.

रोबो काय करतो

आता मूळ विषयावर येऊ.

पूर्वी जहाजाचं बूड घाण झालं की डायव्हर खाली उतरून मोठ्या फिरत्या ब्रशने घासायचे. अजूनही घासतात. पण तोवर शिंपलं घट्ट धरलेलं असतं, ब्रश कडक लागतो, रंग निघतो, आणि रंग गेलेल्या जागी शिंपलं पुन्हा लवकर धरतं.

नॉर्वेच्या योटुन या रंग कंपनीने २०२० मध्ये हलस्केटर नावाचं यंत्र आणलं. वजन सुमारे २०० किलो. त्याची चाकं चुंबकाची, म्हणून लोखंडी जहाजाच्या बुडाला उलटं लटकूनही पडत नाही. ते जहाजावरच राहतं. बंदरात किंवा नांगर टाकला की उतरतं, बुडावर फिरून कॅमेऱ्याने बघतं आणि ब्रशने बुळबुळीत थर तेवढा काढतं. एका जहाजाला दोन ते आठ तास लागतात. हा पूर्णपणे आपल्या डोक्याने चालणारा रोबो नव्हे. त्याला वायर असते आणि दूर बसलेला माणूस मोबाइल नेटवर्कवरून त्याच्यावर लक्ष ठेवतो.

खऱ्या अर्थाने स्वतःहून चालणाऱ्या यंत्रांवर अमेरिकेच्या नौदल संशोधन कार्यालयाने २००९ च्या सुमारास काम दाखवलं. हलबग, म्हणजे बुडावरचा किडा, असं त्याचं नाव. वजन ३० ते ४० किलो. तो चुंबकावर अवलंबून नाही. आपल्या आणि बुडाच्या मध्ये पाण्याचा भोवरा करून ओढ निर्माण करतो आणि त्या जोरावर चिकटून राहतो. त्याला एक प्रकाशाचा सेन्सर असतो. शेवाळावर विशिष्ट प्रकाश पडला की ते चमकतं, त्यावरून कुठला भाग पुसला आणि कुठला राहिला हे त्याला कळतं.

आपल्याला वाटेल, यात काय अवघड? जीपीएस लावा आणि सोडा. पण जीपीएसचे सिग्नल पाण्याखाली पोचत नाहीत. आपला फिश फाइंडर जसा आवाजाच्या लहरी सोडून खोली मोजतो, तसेच हे रोबो आवाजाच्या लहरी, चाकांचे फेरे आणि आतला दिशादर्शक यांवरून आपण बुडावर नेमके कुठे आहोत याचा हिशेब ठेवतात. वर प्रवाह, गढूळ पाणी, वळणदार बूड, वेल्डिंगचे सांधे, पाणी ओढायच्या जाळ्या. एखादी पट्टी चुकली की तिथेच शिंपलं धरतं. म्हणून इतकी वर्षं लागली.

आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती फ्लोरिडातली गोष्ट. तिथल्या फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने पोर्ट कॅनव्हरल इथे रंगवलेल्या पाट्या समुद्रात बुडवून ठेवल्या आणि फिरत्या ब्रशने नियमित हलक्या हाताने पुसल्या. आठवड्याला एकदा पुसलेल्या पाट्यांवर शिंपलं जवळजवळ धरलंच नाही. न पुसलेल्या पाट्या भरून गेल्या. म्हणजे रोबोची करामत त्याच्या ताकदीत नाही. तो चुकवत नाही आणि उशीर करत नाही, एवढंच. बुळबुळीत असतानाच पुसतो, बार्नॅकलला कवच बांधायला वेळच देत नाही.

निघालेली घाण जाते कुठे?

हा प्रश्न व्हिडिओत कोणी विचारत नाही, पण आपण विचारायला हवा.

जहाज एका देशातून दुसऱ्या देशात जातं तेव्हा बुडावरचे जीवही जातात. तिथे घासलं की ते त्या पाण्यात पडतात. काही मरतात, काही रुजतात. न्यूझीलंडने १५ मे २०१८ पासून येणाऱ्या प्रत्येक जहाजाचं बूड स्वच्छ असलंच पाहिजे असा नियम केला. त्याआधी २०१७ मध्येच एका मालवाहू जहाजाच्या बुडावर बार्नॅकल आणि नळीच्या किड्यांचे थर दिसले म्हणून त्याला २४ तासांत बंदर सोडायला लावलं होतं.

आपल्या देशातलं उदाहरण केरळचं. तिथल्या अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. पुढे काही वर्षांतच मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा एक परका शिंपला तिथे पसरला आणि त्याने तिसऱ्यांची जागा बळकावली. तो जहाजांबरोबर आला असावा असं शास्त्रज्ञ मानतात. कोणीतरी कुठेतरी बूड घासलं आणि भोगलं तिथल्या घरांनी.

आपल्या झुआरीच्या खाडीतही तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बायका आहेत. मुरगावला जहाजं येतात. काही रोबो निघालेला कचरा ओढून पिशवीत किंवा टाकीत भरतात. दुबईत २०१३ मध्ये सुरू झालेली हलवायपर ही सेवा पाण्याच्या फवाऱ्याने बूड धुते आणि कचरा गोळा करते. सगळीच यंत्रं तसं करत नाहीत. उद्या आपल्या बंदरात अशी कुठलीही सेवा आली तर सोसायटीचा पहिला प्रश्न हाच राहील : "कचरा धरता की सोडता?"

मग मशीन घ्यायचं का?

कमिटीचं मत : आत्ता नाही. कारणं अशी.

पहिलं, चुंबकाच्या चाकांचा रोबो लोखंडावर चालतो. आपल्या बोटी लाकडाच्या आणि फायबरच्या. ओढीवर चिकटणारे रोबो फायबरवर चालू शकतात, पण ते लांबच्या लांब सपाट बुडांसाठी बनवलेत. आपल्या बोटीच्या अरुंद, वळणदार बुडावर त्यांचा निम्मा वेळ वळण्यातच जाईल.

दुसरं, असली यंत्रं बहुतेक वेळा सुटी विकत मिळत नाहीत. कंपनी सेवा म्हणून देते, त्यांचा माणूस, त्यांचा रंग, त्यांची देखभाल. जहाजाचं महिन्याचं इंधन बघता त्यांना ते परवडतं. सोसायटीचा निधी त्यात घालणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

तिसरं, आपलं बूड लहान आहे. दोन माणसं सकाळच्या वेळात पुसून मोकळी होतील एवढं. मग रोबोची पद्धत घेऊ या, रोबो राहू दे.

या हंगामापासून काय करू या

एक. दर पंधरवड्याला बूड पुसायचं, जमलं तर आठवड्याला. स्पंज किंवा मऊ फडकं घ्या. तारेचा ब्रश, पत्रा, नारळाची करवंटी नको. बुळबुळीत थर निघाला की थांबा. हाताला किंवा पाण्यात रंग यायला लागला तर जोर जास्त होतोय. लहान होड्यांना अमावास्या-पौर्णिमेचं उधाण चांगलं : भरतीला वाळूवर लावा, सुकतीला पुसा, ऊन लागू द्या, पुढच्या भरतीला पाण्यात.

दोन. पंख्याकडे आधी बघा. सगळ्या बुडापेक्षा पंखा लहान, पण खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा तोच साफ ठेवल्याने होतो. पात्यांवरचा खरबरीतपणाही डिझेल खातो. इंजिनाला पाणी ओढणारी जाळीही बघा, ती बुजली की इंजिन तापतं.

तीन. रंग पातळ करून लावू नका. डब्यावर सांगितलेले थर आणि वाळायचा वेळ पाळा. झिंकच्या तुकड्यांवर रंग मारू नका. आउटबोर्डच्या ॲल्युमिनियमच्या पायाला कॉपरचा रंग नको, तांब्याशेजारी ॲल्युमिनियम सडतं. अलार्म जहाजाचे खिळे असेच गेले.

चार. बंदीत खरवडताना बोटीखाली ताडपत्री घाला. कोरडं घासू नका, ओलं करून घासा, नाकातोंडाला मास्क बांधा. निघालेला रंग आणि शिंपलं पोत्यात भरा. ते खाडीत ढकललं तर आपल्याच तिसऱ्यांना तांबं पाजलं असं होतं. शिवाय तिथे आपली पोरं खेळतात.

पाच. हे सगळ्यात महत्त्वाचं. बोटीखाली माणूस असताना इंजिनाला हात लावायचा नाही. दोन हंगामांपूर्वी आपल्या जेट्टीवर एक पोरगा पंखा साफ करायला खाली गेला होता आणि वर दुसऱ्याने बॅटरी तपासायला म्हणून स्टार्टर मारला. गिअर न्यूट्रलला होता म्हणून तो पोरगा आज आपल्यात आहे. यापुढे खाली उतरणाऱ्याने चावी स्वतःजवळ घ्यायची, वर एकाने उभं राहायचं. आणि साध्या कॉम्प्रेसरला नळी लावून श्वास घेत खाली जायचं नाही. इंजिनाचा धूर त्यात ओढला गेला की वास येण्याआधी माणूस बेशुद्ध पडतो. जिथे पाणी खोल असेल तिथे थांबा, बोट किनाऱ्यावर येईपर्यंत. डिझेल परत भरता येतं.

सहा. वही ठेवा. महिन्यातून एकदा, भरती-सुकती थांबल्याच्या वेळेला, रिकाम्या बोटीने एकाच टप्प्यावर एकाच आरपीएमला जा आणि परत या. जीपीएसवरचा दोन्ही बाजूंचा वेग लिहा आणि सरासरी काढा. बोट पाण्यात सोडल्यावरचा पहिला आकडा हा तुमचा पाया. त्याच आरपीएमला वेग एक नॉट कमी झाला की आधी बूड बघायचं, मग मेकॅनिक. गेल्या वर्षी एवढी वही असती तर त्या सभासदाचं सोनं घरातच राहिलं असतं.

सोसायटी काय करणार

आम्ही सहा बोटी निवडतोय : दोन ट्रॉलर, दोन पर्ससीन, दोन मोटरच्या होड्या. प्रत्येक जोडीतली एक नियमित पुसायची, दुसरी नेहमीसारखी ठेवायची. दोघांची वही सोसायटीत ठेवणार. स्पंज, हातमोजे, मास्क आणि ताडपत्री यांचा खर्च सोसायटी करेल. बंदी लागली की दोन्ही बोटी शेजारी शेजारी वर काढू आणि सगळ्यांनी मिळून बघू. आकडे जे येतील ते, चांगले असोत नाहीतर वाईट, इथेच लिहू.

ज्यांना बोट द्यायची आहे त्यांनी येत्या रविवारच्या आत सोसायटीत नाव द्यावं. नेहमीसारखी ठेवायची बोट कोण देणार हा प्रश्न होताच, कारण जादा डिझेल कोणाला हवंय? पण एक सभासद स्वतःहून पुढे आलाय. तोच, ज्याचं सोनं अजून बँकेत आहे. आम्ही त्याला ट्रॉलरच्या जोडीतली पुसायची बोट दिली आहे. नेहमीसारखी ठेवायची ती कमिटीतल्या एकाची.

आणि व्हिडिओ टाकणाऱ्या त्या तरुण सभासदाला सहाही वह्या सांभाळायचं काम दिलंय. त्याने ते आनंदाने घेतलंय.

आपला,
सचिव, कमिटीच्या वतीने